कर्कीची वाट

वाचकहो, नाटकाचे वेड हे मोठे विचित्र असते. ज्याला ते एकदा जडले त्याला सुटी लागली की प्रथम आठवते ती तिसरी घंटा, आणि मग आठवतो घरच्यांना दिलेला सहलीचा शब्द. ही दोन्ही कर्तव्ये एकाच प्रवासात उरकावीत, दिवसा देवळे-धबधबे पाहावेत आणि रात्री नाटक, असा बेत आमच्या शनिवारच्या नाट्यवाचनाच्या बैठकीतील मंडळी गेली काही वर्षे आखत आली आहेत. ही काही नोंदलेली संस्था नव्हे. कोणाच्या तरी माडीवर सात-आठ माणसे जमतात, एखादे जुने नाटक भूमिका वाटून वाचतात, आणि चहा झाला की आपापल्या घरी जातात. वर्षातून एकदा मात्र एक लहानशी गाडी ठरवून आम्ही बाहेर पडतो. एकदा पाच नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, सांगलीस जाऊन आलो. मग गोव्यात जाऊन तिथल्या उत्सवी रंगभूमीवरची नाटके पाहिली. यंदा दसऱ्याच्या सुटीत कोठे जावयाचे, हा प्रश्न निघाला तेव्हा मी म्हणालो, "हेग्गोडूला जाऊ."

क्षणभर कोणी बोलले नाही. मग आण्णांनी चष्मा काढून पुसला. आण्णा आमच्या बैठकीतील सर्वांत वडील; सहकारी बँकेत रोखपाल होते, आता निवृत्त आहेत. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात त्यांच्या खांद्यावर बसलेली लाठी पावसाळ्यात अजून ठणकते. ते म्हणाले, "काय हेडमास्तर, पैसे मोजून कानडी ऐकायला जायचं? ते तर कचेरीच्या खिडकीपाशी रोज फुकट ऐकायला मिळतं."

सगळे हसले, मीही हसलो. परंतु हेग्गोडूचे नाव मी सहज घेतलेले नव्हते. ते नाव नऊ वर्षे माझ्या टेबलाच्या खणात पडून होते. त्याची हकीकत सांगितल्याशिवाय पुढचा प्रवास वाचकांना कळावयाचा नाही.

मुख्याध्यापकपदाचा कारभार हाती आला त्याचे ते पहिलेच वर्ष. आमची शाळा सरकारी, मराठी माध्यमाची. अर्थात कानडी हा विषय सर्व मुलांना असतोच, आणि तो शिकवावयास एक बाई होत्या. स्नेहसंमेलनाच्या आधी त्या एक कागद घेऊन माझ्याकडे आल्या. मुलांकडून एक लहानसे नाटुकले बसवावे, त्यातील काही पात्रांनी मराठीत बोलावे आणि काहींनी कानडीत, अशी त्यांची कल्पना होती. कागदावर सात मुलांची नावे आणि प्रत्येकासमोर भूमिका लिहिलेली होती. मी कागद वाचला आणि म्हणालो, "बाई, कल्पना चांगली आहे, पण पालक काय म्हणतील?"

वस्तुतः पालकांना कोणी विचारलेच नव्हते. विचारावे असे मलाही वाटले नाही. मराठी शाळेच्या व्यासपीठावर कानडी आले म्हणून एखादा उठून उभा राहील, उद्या वर्तमानपत्रात दोन ओळी येतील, नव्या मुख्याध्यापकाचे नाव होईल; खरे कारण होते ते एवढेच. बाईंनी वाद घातला नाही. "हेग्गोडूच्या शिबिरात शिकलेलं इथं करून बघावं असं वाटलं होतं, सर," इतके बोलून त्या गेल्या. कागद टेबलावरच राहिला. पुढच्या वर्षी त्यांची बदली त्यांच्या जिल्ह्यात झाली.

त्या यादीत पहिले नाव एका अशा मुलाचे होते, की जो वर्गात कधी तोंड उघडीत नसे. बाईंनी त्याला राजाची भूमिका दिली होती. सातवीनंतर त्या मुलाने शाळा सोडली. नाटकात काम केले असते तर तो टिकला असता, असा दावा मी करणार नाही. तीस वर्षांच्या नोकरीने एवढा विवेक मला शिकवला आहे. तथापि त्याला बोलते करण्याचा एक प्रयत्न कोणीतरी योजला होता आणि तो मी भीतीपोटी मोडला, ही गोष्ट काही खोटी होत नाही. म्हणून हे हेग्गोडू आहे तरी काय, ते एकदा डोळ्यांनी पाहावे, असे मनात होते.

अखेरीस आण्णा तयार झाले ते नाटकासाठी नव्हे, तर गिरसप्प्यासाठी. "लहानपणी भूगोलाच्या पुस्तकात चित्र पाहिलं होतं. नाटकाच्या वेळी मी खोलीत झोपून राहीन," असे त्यांनी वहिनींच्या समक्ष जाहीर केले. अकरा माणसे झाली. एक गाडी, एक चालक, खर्च सारखा वाटून घ्यावयाचा, आणि मुक्काम पाच दिवसांचा.

बेळगावहून पहाटे निघालो. धारवाड-हुबळीपर्यंतचा रस्ता आपल्या पायाखालचाच. धारवाडास चहाला थांबलो तेव्हा बेंद्र्यांची आठवण निघणे साहजिकच होते. घरची बोली मराठी, आणि कानडीतील थोर कवी म्हणून १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार! द. रा. बेंद्रे मराठीतही लिहीत. आमच्या बैठकीतील एक भगिनी म्हणाल्या, "म्हणजे त्यांना कोणी विचारलं असेल का हो, तुम्ही नेमके कोणाचे म्हणून?" आण्णा खिडकीबाहेर पाहत राहिले. हुबळी सोडल्यावर सिरसीच्या बाजूला रस्ता वळला, आणि काळी सपाट राने मागे पडून झाडी दाट होऊ लागली. सिद्धापूरच्या पुढे सुपारीच्या बागा लागल्या. सागर गावी मुक्कामास पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी इक्केरी आणि केळदी ही दोन स्थाने पाहिली. दोन्ही सागरच्या जवळ आहेत. केळदीचे नायक विजयनगरचे मांडलिक म्हणून उदयास आले आणि पुढे स्वतंत्र झाले; इक्केरी ही एके काळी त्यांची राजधानी. तेथील अघोरेश्वराचे दगडी मंदिर पाहताना मान दुखेपर्यंत वर पाहावे लागते. समोरच्या मंडपातील नंदी एवढा मोठा आहे, की आमच्यातील दोन लहान मुलींनी त्याच्या पायाशी बसून डबा उघडला तेव्हा त्या एखाद्या कोनाड्यात ठेवलेल्या बाहुल्यांसारख्या दिसू लागल्या. केळदीच्या देवळाच्या छतावर गंडभेरुंड कोरलेला आहे. दोन माथ्यांचा एकच पक्षी.

परंतु केळदीत आम्ही खरे थबकलो ते वेगळ्याच कारणाने. १६८९ साली संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगडास वेढा पडला, आणि राजाराम महाराज वेष पालटून दक्षिणेस जिंजीकडे निघाले, हे आपण शाळेत शिकतो. या प्रवासात त्यांना ज्या राज्यातून सुखरूप वाट मिळाली ते राज्य केळदीचे, आणि आश्रय देणारी राणी म्हणजे केळदीची चेन्नम्मा. आपल्या शेजारच्या कित्तूरची चेन्नम्मा निराळी. ती १८२४ साली इंग्रजांशी लढली. ही तिच्याहून सव्वाशे वर्षांहून अधिक आधीची. आश्रयाला आलेल्या मराठ्यांच्या राजाला धरून देणे तिला सोपे होते. मोगलांची सेना दाराशी येणार हे तिला ठाऊक होते. तिने राजारामांना वाट दिली आणि मग औरंगजेबाच्या फौजेला तोंडही दिले. मी ही हकीकत मुलींना सांगत होतो. आण्णा काठी टेकून मागे उभे होते. ते म्हणाले, "हेडमास्तर, हे आम्हाला शाळेत असं नाव घेऊन कोणी सांगितलं नाही." मी गप्प राहिलो, कारण सांगणाऱ्यांतला एक मीही होतो. जिंजीच्या धड्यात केळदीचे नाव मी आजवर किती वेळा उच्चारले होते?

दुपारी हेग्गोडूस पोहोचलो. सागरहून आठ-दहा किलोमीटरांवरचे हे लहानसे खेडे. सुपारीच्या बागा, कौलारू घरे, आणि त्यात एक नाट्यगृह! १९४९ साली गावातील नाटकप्रेमी मंडळींनी श्री नीलकंठेश्वर नाट्यसेवा संघ स्थापन केला; आज तो ‘नीनासम’ या आद्याक्षरांच्या नावानेच ओळखला जातो. के. व्ही. सुब्बण्णा या सुपारीच्या बागाइतदाराने त्याला आकार दिला. १९७२ साली तेथे रंगमंदिर उभे राहिले. त्याला शिवराम कारंतांचे नाव दिले आहे, ज्यांनी कादंबऱ्या लिहिल्या आणि यक्षगानासाठी आयुष्याचा मोठा भाग वेचला. १९८० पासून नाट्यशिक्षणाचे वर्ग, १९८५ पासून ‘तिरुगाट’ नावाची फिरती मंडळी, जी दरवर्षी नवी नाटके बसवून काही महिने कर्नाटकभर गावोगाव प्रयोग करीत हिंडते. सुब्बण्णांना १९९१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ साली ते वारले. ऑक्टोबरमध्ये तेथे संस्कृती शिबिर भरते. दिवसा व्याख्याने आणि चर्चा, रात्री नाटके. आधी पत्रव्यवहार केला होता, म्हणून दोन दिवस आम्हाला त्यात सामावून घेतले.

पहिल्या रात्री आण्णा बोलल्याप्रमाणे खरेच आले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चेच्या सत्रात मात्र ते माझ्याजवळ येऊन बसले. "खोलीत करमेना," एवढेच म्हणाले. नाटक झाल्यावर दुसऱ्या दिवशी त्यावर प्रेक्षकांनी बोलावयाचे, अशी तेथील पद्धत. आपल्याकडे पडदा पडला की प्रेक्षक चपला शोधू लागतो. येथे शेतकरी, शिक्षक, कॉलेजातील मुली, सर्व एका सतरंजीवर बसून रात्रीच्या नाटकाविषयी निर्भीडपणे बोलत होते. एका तरुणाने नाटकातील एक प्रसंग आपल्याला मुळीच पटला नाही, असे दिग्दर्शकाच्या तोंडावर सांगितले, आणि कोणाला त्याचा राग आला नाही. आण्णा माझ्या कानाशी लागले, "आपल्या बैठकीत असं कोणी बोललं असतं तर पुढच्या शनिवारी तो आला नसता."

त्या रात्री ते नाटकास आले. नाटक महाभारतातील कथेवरचे होते, आणि त्यात कर्ण-कुंतीच्या भेटीचा प्रवेश होता. रंगमंचावर सजावट अशी जवळजवळ नव्हतीच. एक पायरी, एक कापड, आणि बाजूला वाद्ये घेऊन बसलेली माणसे. आमच्यापैकी निम्म्या जणांना कानडी जेमतेम समजते. पण कुंती आली, हात पुढे केला आणि तो अर्ध्यावर थांबला, तेव्हा आमच्या ओळीत कोणाला अर्थ विचारावा लागला नाही. जन्म एका घरी आणि वाढ दुसऱ्या घरी. जन्मदात्रीकडे जावे तर वाढविणाऱ्याशी द्रोह, आणि न जावे तर आपल्याच भावांशी युद्ध. ही गोष्ट सीमेवरच्या माणसाला कोणी समजावून द्यावी लागते काय?

मी आण्णांकडे पाहिले नाही. नाटक पाहताना शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहू नये, असे मी मानतो. बाहेर पडल्यावर अंधारात आम्ही विजेरीच्या उजेडात चालत होतो. पुष्कळ वेळाने ते म्हणाले, "एक सांगतो, हेडमास्तर. माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. आपल्या माणसाला सरकारी कागद आपल्या भाषेत मिळाला पाहिजे, हे मी मरेपर्यंत म्हणेन. पण ते भांडण कचेरीशी. या पोरांशी माझं काय भांडण?"

मला वाटते, चाळीस वर्षांच्या वादावर आजवर ऐकलेल्या भाषणांत इतके नेमके मी काही ऐकलेले नाही. हक्काचा आग्रह सोडणे म्हणजे समजूतदारपणा नव्हे. आणि हक्कासाठी शेजाऱ्याच्या कलेकडे पाठ फिरविणे म्हणजे स्वाभिमानही नव्हे. या दोहोंतील रेघ ओढावयास आण्णांना एक रात्र पुरली. मला नऊ वर्षे लागली होती.

दुसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी जेवणाच्या पंगतीत त्यांनी वाढणाऱ्या मुलाला हाक मारली, "इन्नष्टु सारु हाकप्पा." बँकेच्या खिडकीबाहेर त्यांच्या तोंडून कानडी मी प्रथमच ऐकली. वहिनींनी माझ्याकडे पाहून हळूच डोळे मिचकावले.

जेवणानंतर गिरसप्प्याचा धबधबा पाहिला. तेथे त्याला जोग म्हणतात. गेरसोप्पे हे गाव खाली, नदीच्या काठी आहे. शरावती नदी येथे २५३ मीटर, म्हणजे ८३० फूट खोल कोसळते, आणि तिचे चार प्रवाह होतात: राजा, रोअरर, रॉकेट आणि राणी. १९६४ साली वरच्या अंगाला लिंगनमक्कीचे धरण झाल्यापासून पाणी किती पडणार ते पावसावर आणि धरणावर अवलंबून असते. आमच्या नशिबाने पाऊस चांगला झालेला होता. धुके आले की काही दिसत नसे, केवळ आवाज. आणि वारा सुटला की पडदा सरकावा तसे चारही प्रवाह समोर येत. भूगोलाच्या पुस्तकातील चित्र आणि हे दृश्य यांत अंतर किती, असे मी आण्णांना विचारले. ते म्हणाले, "चित्रात आवाज नव्हता."

तेथून घाट उतरून होन्नावरला गेलो. होन्नावरच्या अलीकडे-पलीकडे आता पाहण्यासारखे पुष्कळ आहे. शरावती समुद्राला मिळते तो देखावा तर सोडू नयेच. पण आम्हाला पाहावयाचे होते कर्की नावाचे एक खेडे, होन्नावरच्या उत्तरेस काही किलोमीटरांवरचे. गाडीचालकाने तीनदा विचारले, "तिथं काय आहे, सर?"

तेथे काय आहे? वाचकहो, तेथे आपल्या रंगभूमीची एक वाट सुरू होते. १८४२ साली या कर्कीच्या भागवत मंडळींचा मेळा खेळ करीत करीत सांगलीस पोहोचला. सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी तो खेळ पाहिला, आणि असे काही आपल्या भाषेत व्हावे, असे त्यांच्या मनात आले. ते काम त्यांनी आपल्या पदरच्या विष्णुदास भाव्यांवर सोपविले. १८४३ साली भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ सांगलीत सादर केले. रंगभूमी दिन आपण साजरा करतो तो त्याच प्रयोगाच्या स्मरणार्थ. तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारात त्याच्याही आधी, सतराव्या शतकाच्या अखेरीस, मराठी नाटके लिहिली गेली होती, हे खरे. तथापि ज्या नाट्यपरंपरेतून पुढे मंडळ्या निघाल्या, गावोगाव हिंडल्या आणि आपल्या आजोबा-पणजोबांना रात्र रात्र जागवून गेल्या, तिचा आरंभ सांगलीचा, आणि सांगलीच्या मागे कर्की.

ज्यांनी यक्षगान पाहिले आहे त्यांना हे नाते पटवून द्यावे लागत नाही. यक्षगानात भागवत हा मुख्य. तो गातो, त्याच्या पदांवर पात्रे नाचतात, आणि मग आपापली भाषणे आयत्या वेळी रचून बोलतात. भाव्यांच्या नाटकातही सूत्रधार सर्व पदे गात असे आणि पात्रे भाषणे तेथल्या तेथे करीत. आरंभी गणपती यावा, सरस्वती यावी, विदूषकाने चेष्टा करावी आणि राक्षसांनी आरोळ्या ठोकाव्यात, हा सारा थाट. आपल्या कोकणातील आणि गोव्यातील दशावतारी खेळही याच कुळातले. पुढे १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. हे अण्णासाहेब जन्मले कोठे? तर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे, १८४३ साली, म्हणजे ‘सीतास्वयंवर’ झाले त्याच वर्षी! बेळगावच्या शाळेत ते शिक्षक होते तेव्हा त्यांच्या हाताखाली गोविंद बल्लाळ देवल हा विद्यार्थी होता. मराठी नाटकाच्या वंशावळीतून कानडी मुलूख वजा करावयाचा म्हटले तर खाली काय उरेल, हे ज्याचे त्याने मोजून पाहावे.

कर्कीत आम्हाला कोणतेही स्मारक दिसले नाही. पाहण्यासाठी आलो तेही नव्हतो. नारळीची झाडे, लाल मातीचा रस्ता, एका वळणावर चहाचे दुकान. दुकानातील वृद्ध गृहस्थाला आण्णांनी मराठीत विचारले. त्याने कोंकणीत उत्तर दिले. त्याची बायको आतून कानडीत काहीतरी म्हणाली. आणि तिघांनाही एकमेकांचे कळले. "सांगली?" म्हातारा म्हणाला, "खूप दूर. आमचे लोक चालत गेले असतील." नकाशावर बोट ठेवून पाहिले तर सह्याद्री चढून, नद्या ओलांडून जाणारी ती वाट गाडीनेसुद्धा दिवसभराची आहे. डोक्यावर मुकुटांच्या पेट्या, खांद्यावर मद्दळे, वाटेत भाषा बदलत चाललेली, पुढच्या गावी कोणाला समजेल की नाही याची शाश्वती नाही. तरीही ती माणसे निघाली. त्यांना कोणी विचारले नसेल का, की परक्या भाषेच्या मुलखात जाऊन तुम्ही कोणासाठी नाचणार? पालक काय म्हणतील, ही माझी भीती त्या रस्त्यावर मला फार लहान वाटली.

परतताना गोकर्णास महाबळेश्वराचे दर्शन घेतले. वहिनींचा तो आग्रहच होता. मग अंकोला, यल्लापूर, हुबळी या मार्गाने बेळगाव.

या वाटेने कोणी जाणार असेल तर अनुभवाने चार गोष्टी सांगतो. मंडळी दहा-बारांहून अधिक नसावीत; तेवढी एका गाडीत मावतात, एका पंगतीस बसतात, आणि रुसलेल्या माणसाची समजूत काढावयास वेळ मिळतो. हेग्गोडूस जाण्याआधी पत्र घालून जागेची चौकशी करावी. तेथे हॉटेलाची अपेक्षा ठेवू नये, राहणी साधी असते. दिवसाला एकच मोठे स्थळ ठेवावे. रात्री नाटक पाहावयाचे असेल तर दुपारी थकून चालत नाही. छत्री घ्यावी, ऑक्टोबरातही मलनाडचा पाऊस पाहुण्यासारखा न कळविता येतो. आणि कानडी येत नसेल तर नाटकाची कथा आधी कोणाकडून समजून घ्यावी. शब्द सुटले तरी नाटक हातचे जात नाही.

परत आल्यावर मी दोन कामे केली. पहिले, बदलून गेलेल्या त्या बाईंचा पत्ता मिळवून त्यांना पत्र लिहिले. माझ्या मोडक्या कानडीत लिहिले; चुका झाल्या असतील, पण क्षमा दुसऱ्याकडून लिहून घेणे बरे दिसले नसते. त्यांच्या हातचा तो कागद माझ्या खणात अजून आहे, हेही कळविले. आठ दिवसांनी उत्तर आले. बाईंनी मराठीत लिहिले होते, आणि माझ्या कानडीहून त्यांचे मराठी कितीतरी शुद्ध होते. शेवटी दोन वाक्ये होती: "जुनी यादी जपून ठेवू नका, सर. नवीन मुलांची नवीन यादी करा."

दुसरे काम त्यावरूनच ठरले. पालकांची सभा बोलावली आणि नऊ वर्षांपूर्वी विचारावयाचा राहिलेला प्रश्न विचारला. एक गृहस्थ उठून उभे राहिले. "आधी आमच्या मुलांचं मराठी पक्कं करा, मग पुढचं बघू," असे ते म्हणाले. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते, आणि मी ते टिपून घेतले. नाटकातील मराठी भाग मुलांकडून रोज मोठ्याने वाचून घेण्याचे ठरले ते त्यांच्यामुळेच. बाकीच्यांनी होकार दिला. दोघी माता म्हणाल्या, की मुले गल्लीत दोन्ही भाषांत भांडतात, तर व्यासपीठावर दोन्ही भाषांत बोलली म्हणून काय झाले? आजच्या कानडीच्या शिक्षकांनी आणि मी मिळून यादी केली आहे. तालमी सुरू आहेत. आण्णा रोज चार वाजता येतात आणि मुलांचे उच्चार तपासतात. मराठीचेही, आणि, कोणी पाहत नाही असे वाटले की, कानडीचेही.

जुन्या यादीतील तो पहिला मुलगा मला बाजारात एका मोटारदुरुस्तीच्या दुकानात भेटला. आता तो चांगला उंच झाला आहे. हात काळे होते म्हणून त्याने नमस्कार कोपरानेच केला. संमेलनाला ये, असे मी त्याला म्हणालो. तो जरा वेळ हातातील पान्ह्याकडे पाहत राहिला, आणि मग म्हणाला, "सर, बाईंनी मला राजा केलं होतं."

येईन किंवा येणार नाही, यांपैकी तो काहीच बोलला नाही. पहिल्या रांगेत एक खुर्ची मी त्याच्यासाठी राखून ठेवणार आहे.